चांदणी की गेंडा

त्या सहा फुटी, झुपकेदार मिशांच्या मिस्त्रीला अख्खी गल्ली ‘चांदणी’ म्हणायची. हसू नका. त्याची सगळी हत्यारं चांदणी छापाची, म्हणून ते नाव पडलं. शेजारच्या बाकड्यावर काम करणारा त्याचा साडू अगदी काडीपैलवान, पण त्याची हत्यारं गेंडा छापाची, म्हणून तो ‘गेंडा’. एकाच पत्र्याच्या शेडखाली दोघांनी उमेदीची वर्षं काढली आणि भांडण कायम एकच राहिलं: पाना कुणाचा चांगला?

“चांदणी म्हणजे नुसतं पॉलिश. कपाटात ठेवा आणि बघत बसा,” गेंडा म्हणायचा.

“आणि तुझा गेंडा नट खातो. प्रत्येक कडेवर ओरखडा! तू आवळलेला नट मी नुसता अंगठा फिरवून ओळखतो,” चांदणी म्हणायचा.

एकदा भर गल्लीत गेंड्याच्या पान्याचे दोन तुकडे झाले, तर गेंडा पठ्ठ्या म्हणतो, “नटच हलकट होता.” मरू, पण साडूच्या पान्याला हात लावणार नाही, असं दोघंही छातीठोकपणे सांगायचे. बायका सख्ख्या बहिणी. त्यांनी या विषयापुरते कान केव्हाच बंद करून टाकले होते.

अलीकडे मात्र चांदणीचं काहीतरी बिनसलं होतं. पाना सटकायचा, बोल्ट आवळला तरी खालून तेल ठिबकायचं. त्याने निदान करून टाकलं, की कंपनी बिघडली, पोलाद हलकं वापरायला लागली. नवा संच आणला, तोही तसलाच. मग काळजावर दगड ठेवून तिसऱ्याच कंपनीचा आणला, तोही तसलाच. “सगळे मेले चोर झालेत,” तो घरी करवादला. त्याच संध्याकाळी बरणीचं झाकण उघडेना, तेव्हा बरणीवाल्यांचाही उद्धार झाला. बायकोने बरणी हातातून घेतली, उघडली आणि ओट्यावर ठेवली.

आणि आज दुपारी शाळेची गाडी परत आली.

“मिस्त्री, सकाळी हे चाक तुम्हीच बसवलंत ना?” ड्रायव्हरने खाली बसून चाकाचा एक नट दोन बोटांनी फिरवून दाखवला. “खडखड ऐकली म्हणून थांबलो. पोरं उतरली होती, देवाची कृपा.”

चांदणीने खाली बसून नट स्वतः फिरवून पाहिला. तो नट त्याने जीव खाऊन आवळला होता. या गाडीत पोरं बसतात, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. ड्रायव्हरला बाहेर बसवून तो तडक साडूच्या बाकड्याशी गेला. गेंडा सकाळी दाढ काढायला गेला होता. तो आत्ताच परतला होता, गालात कापसाचा बोळा घेऊन.

“तुझा पाना दे,” चांदणी म्हणाला.

गेंड्याने वर पाहिलं. केवढी संधी! दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याने अख्खी गल्ली गोळा केली असती. आज त्याने गुपचूप पाना काढून दिला.

चांदणीने बाकड्यावरच्या शेगड्याच्या जबड्यात एक जाड लोखंडी पट्टी पकडली, तिच्यात बोल्ट घातला, नट चढवला. जुनी चांदणी घेऊन सगळा जोर लावून आवळला, आणि नट जिथे थांबला तिथे पट्टीवर खडूची रेघ मारली. मग सैल करून नव्या चांदणीने आवळला. मग तिसऱ्या कंपनीच्या पान्याने. नट येऊन येऊन त्याच रेघेवर थांबायचा. शेवटी गेंडा लावला. मिशा थरथरेपर्यंत ओढला. तिथेच.

“बघ,” तो धापा टाकत म्हणाला. “सगळे सारखेच.”

“हो रे,” गेंडा बोळ्याआडून म्हणाला. “गेंडासुद्धा पूर्वीचा राहिला नाही. हल्ली पोलादात भेसळ करतात.”

चांदणीने मान वर केली. तुकडे होऊन पाना पायाशी पडलेला असताना ज्याने नटाला शिव्या घातल्या, तो माणूस आपल्या तोंडाने गेंड्याला नावं ठेवत होता! त्याला एकदम सगळं कळलं, आणि कळू नये असं फार वाटलं.

“तू ओढ,” तो म्हणाला.

“माझा जबडा ठणकतोय.”

“ओढ म्हणतो ना!”

गेंडा उठला. त्याने आपला पाना बाजूला ठेवला, जुनी चांदणी उचलली, नटावर बसवली आणि ओढली. नट रेघ ओलांडून चांगला पुढे गेला.

चांदणी आपल्या उजव्या पंजाकडे बघत राहिला. पंजा तसाच होता, मोठा, काळा, नखांत ग्रीस भरलेला. त्याला रडू येत होतं आणि साडूसमोर ते चालण्यासारखं नव्हतं.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“झालं वर्षभर. तू जरा बाजूला झालास की तुझ्या नटांवरून एकदा फिरून यायचो. आज ही मेली दाढ आडवी आली.” गेंड्याने मान खाली घातली. “सांगायला हवं होतं रे. चुकलं माझं. पोरांच्या जिवाशी खेळ झाला.”

“वर्षभर? मला एक ओरखडा दिसला नाही.”

“कसा दिसेल? माझ्या पान्याने केलं असतं तर लगेच पकडला असतास. तुझाच घ्यायचो.”

चांदणीने आपला जुना पाना उचलून उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, “आणि? कसा आहे?”

“काय?”

“पाना रे!”

गेंड्याने बोळा या गालातून त्या गालात सरकवला. “बरा आहे,” तो म्हणाला.

इतक्या वर्षांत एवढंच तर ऐकायचं होतं. चांदणीने डोळे पुसले, जुन्या पान्यांचा अख्खा संच उचलून साडूच्या बाकड्यावर नेऊन ठेवला आणि बाहेर हाक मारली, “ड्रायव्हरसाहेब, गाडी आत घ्या! इंजिनाचं मी बघतो. चाकं आजपासून हा आवळेल.” मग वळून साडूला दम भरला, “आणि काम झालं की पुसून ठेवायचा. तुझ्या गेंड्यासारखा फेकायचा नाही.”