तीनशे एक्क्याऐंशी वेळा

आमच्या हॅडन्स मिल गावात ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दहा माणसं जमतात आणि खेळाडू वाटून घेतात. हा खेळ पूर्वी कागदावर चालायचा, आता फोनवर चालतो. खरे, पोटापाण्यासाठी अमेरिकन फुटबॉल खेळणारे गडी आपापल्या मनातल्या संघात घ्यायचे आणि रविवारी ते मैदानावर जेवढं पळतील तेवढे गुण आपल्याला. एकाने घेतलेला गडी दुसऱ्याला मिळत नाही, त्यामुळे खरी चुरस निवडीच्या दिवशीच असते. अकरा वर्षं या मंडळाची कारभारीण मीच आहे. एरवी मी गावात टपाल वाटते.

आमच्यातले सगळ्यात वयस्कर म्हणजे एल्डन प्रुइट सर. एकाहत्तर वर्षांचे. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी बीजगणित शिकवलंय, मलाही. बायको गेल्यापासून घरात ते आणि एक जाडजूड हिरवी वही. वहीत फक्त रनिंग बॅक. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या दांडग्यांच्या भिंतीत घुसणारा गडी. आमच्या खेळात सगळ्यात जास्त गुण तोच देतो, आणि खऱ्या खेळात सगळ्यात जास्त मार तोच खातो. सरांचा प्रश्न एकच होता. यंदा जो पहिल्या बारांत आला, तो पुढच्या वर्षीही येतो का?

"साधारण निम्मे येतात," ते सांगायचे. "कोणते, ते मात्र अजून हाती लागलेलं नाही."

टायरचं दुकान चालवणारा गस हॅवरलँड त्यांना दरवर्षी छेडायचा. "म्हणजे सर, तीस वर्षं वही लिहून नाणं फेकण्याइतकंच कळलं म्हणा की."

"नाण्याला गुडघे नसतात, गस."

वहीच्या शेवटी एक वेगळं पान होतं. एका हंगामात ज्यांच्या हाती साडेतीनशेपेक्षा जास्त वेळा चेंडू देऊन त्यांना त्या भिंतीवर पाठवलं गेलं, त्यांची नावं. सरांनी नोंदलेले सव्वीस जण. त्यातले चौघेच पुढच्या वर्षी पुन्हा तसे पळू शकले.

मग एका हंगामात देशात सगळ्यात जास्त पळाला तो आमच्याच गावचा पोरगा, कॉर्डेल मेबरी. त्याच्या हाती तीनशे एक्क्याऐंशी वेळा चेंडू दिला गेला. गावच्या वेशीवर त्याचा फोटो लागला. बेकरीत त्याच्या जर्सीचा आकडा काढलेले केक विकले गेले. सरांनी मात्र ते शेवटचं पान उघडलं, सत्ताविसावं नाव लिहिलं आणि वही मिटून ठेवली. हे मला माहीत आहे, कारण मी तेव्हा त्यांच्या ओसरीवर टपाल घेऊन उभी होते.

जुलैत एकदा तशीच उभी असताना कॉर्डेलची आई आली. योलांडा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. पोराने घर बांधून दिलं तरी तिने काम सोडलेलं नाही. हातात पीच पायचं, म्हणजे पीच भरून भाजलेल्या गोड पदार्थाचं, ताट होतं. ते तिने सरांच्या मांडीवरच ठेवलं आणि बसायच्या आधीच विचारलं,

"सर, तुमची वही काय म्हणते माझ्या पोराबद्दल?"

सर ताटाकडे बघत राहिले. "ती वही परक्या लोकांची आहे, योलांडा. कॉर्डेलला मी ओळखतो."

"म्हणजे वाईट म्हणते."

मी पत्रं चाळायला लागले, जशी काही ती आधी लावून आणलीच नव्हती.

"तो सकाळी जिना उलटा उतरतो," ती म्हणाली. "तोंड जिन्याकडे करून, लहान बाळ उतरतं तसा. मी जूनमध्ये त्याच्याकडे गेले होते तेव्हा पाहिलं. मी बघितलेलं त्याला कळलं नाही. सर, तुमचं तो ऐकतो. नववीत शाळा सोडायला निघाला होता, तेव्हा तुमचंच ऐकलं. एक फोन करा."

"काय सांगू?"

"काय सांगायचं ते मला कळत असतं तर मीच नसतं का सांगितलं?"

सरांनी तिच्यासमोरच फोन लावला. कानाला कमी ऐकू येतं म्हणून ते फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे आम्हा दोघींनाही सगळं ऐकू आलं. कॉर्डेल खूश झाला. सरांनी हवापाण्याचं विचारलं, मग घसा खाकरून वहीतलं सांगितलं. सव्वीस जण, त्यातले चार. वर्गात सांगायचे तसंच, सावकाश.

पलीकडे तो हसला, पण वाईट हसला नाही.

"सर, मला माहीत आहे. मला वही लागत नाही. मी आलो तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत माझ्या रांगेत माझ्याच जागी खेळणारे तिघं बसायचे. आज त्यातला एकही नाही. पण मी करू काय, ते सांगा. कोचला सांगू, आज जरा कमी पळतो म्हणून? माझ्यामागे, माझ्या जागेची वाट बघत, एक बावीस वर्षांचा पोरगा बसलाय. चांगला पोरगा आहे. रोज माझ्या आधी येतो. माझा करार या वर्षाअखेर संपतो. मी थांबलो तरी संपलो, पळालो तरी… तुम्ही गणित सुटत नसलं की म्हणायचात, दिलेली माहिती पुन्हा वाचा. मी वाचलीय, सर."

"हो," सर म्हणाले. "हो, बाळा."

"आई आहे का तिथे?"

योलांडाने जोरात मान हलवून नाही म्हटलं. सर म्हणाले, "नाही." तीस वर्षांत त्यांना खोटं बोलताना मी प्रथमच पाहिलं.

फोन ठेवल्यावर ती उठली. "पीच पाय आजच खा, उद्या ओला होतो," एवढंच म्हणाली आणि गेली.

ऑगस्टच्या निवडीत चिठ्ठ्या काढल्या तर पहिला नंबर सरांचाच आला. हॉलमध्ये हॅम सँडविचं होती, बटाट्याचं सॅलड होतं, आणि नऊ जणांच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता. सरांनी कॉर्डेलला सोडलं असतं तर तासाभरात ती बातमी शाळेच्या स्वयंपाकघरात पोचली असती, आणि सर त्याच्याबद्दल काय समजतात हे सगळ्यांना कळलं असतं. घेतलं तर तीस वर्षांच्या वहीला पाठ दाखवायची.

"कॉर्डेल मेबरी," सर म्हणाले.

गसने टाळी वाजवली. "घ्या. वहीवाले बाबाही शेवटी भक्तिमार्गाला लागले."

सगळे हसले. सरांनी सॅलड वाढून घेतलं आणि ताट तसंच ठेवलं.

हंगाम सुरू झाला. पहिल्या रविवारी कॉर्डेल शंभर यार्डांच्या वर पळाला आणि गस मला म्हणाला, बघ, सरांना वही जाळून टाका म्हणावं. दुसऱ्या रविवारी त्रेसष्ट. तिसऱ्या रविवारी एक्केचाळीस. कुठे मोडलं नव्हतं, कुठे पट्टी नव्हती. फक्त पूर्वी ज्या फटीतून तो निसटायचा ती फट आता तो पोचेपर्यंत बंद झालेली असायची. अर्ध्या पावलाचा फरक. टीव्हीवर नीट दिसतही नाही. सरांना दिसायचा. रविवारी सामना संपला की मी कधी त्यांच्याकडे डोकावायचे, तर टीव्ही बंद करून ते समोर बसलेले असायचे.

लोक त्याला पैसे मोजून विकत घेतल्यासारखं बोलू लागले. गस आमच्याच नाही, टायरवाल्यांच्या आणखी एका मंडळात खेळतो, आणि तिथे त्याने कॉर्डेलला घेतलं होतं. पाचव्या आठवड्यात त्याने कॉर्डेलला थेट निरोप पाठवला. तू माझा रविवार नासवलास, घरी ये आणि आईला भांडी घासू लाग, असं काहीतरी. स्वतःच्या नावाने पाठवला. दुकानात मला ते वाचून दाखवताना तो हसत होता.

"गस, तुझी पोरगी योलांडाच्या हातचं जेवते रोज," मी म्हणाले.

"अगं गंमत गं. त्याला असे हजार येतात. तो कशाला वाचतोय?"

तो वाचत होता. योलांडालाही कोणीतरी दाखवलं. तिने काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी गसच्या पोरीच्या ताटात नेहमीइतकंच वाढलं.

आता माझं सांगते. हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

नोव्हेंबर, हंगामाचा दहावा आठवडा. माझ्या स्वयंपाकघरात टीव्ही चालू होता, गॅसवर राजम्याची चिली शिजत होती. दुसऱ्या सत्रात कॉर्डेल भिंतीत घुसला, तिघांच्या खाली गेला, आणि बाकीचे उठले तेव्हा तो उठला नाही. डावा पाय भलत्याच बाजूला वळला होता. मैदान शांत झालं. दोन्ही संघांचे खेळाडू गुडघ्यावर बसले. डॉक्टर पळत आले.

आणि माझा हात फोनकडे गेला. विचार करून नाही, दूध उतू जाताना जातो तसा. त्याच्यामागचा तो बावीस वर्षांचा पोरगा कोणाच्याच संघात नव्हता, आणि असा मोकळा गडी आमच्यात हंगामात कधीही घेता येतो. कॉर्डेलला उचलून गाडीवर ठेवायच्या आत मी त्याला माझ्या संघात घेतलं होतं. मग वर बघितलं, तर गाडीवरून नेताना कॉर्डेल दोन्ही हातांनी तोंड झाकून पडला होता.

तो पोरगा उरलेले सहा आठवडे वाऱ्यासारखा पळाला. आमचं मंडळ त्या वर्षी मी जिंकलं. पितळी हेल्मेटचं स्मृतिचिन्ह माझ्या घरी आलं. ते मी कपाटात उलटं ठेवलंय.

आमच्या निवडीची नोंद मिनिटासकट राहते. ती सरांनी पाहिलीच असणार. ते मला काही बोलले नाहीत. एकदाच, जानेवारीत, मी त्यांना वीजबिल देत होते तेव्हा म्हणाले, "तू घेतलं नसतंस तर गसने घेतलं असतं."

"म्हणून काय झालं, सर?"

"काही नाही. नुसतं सांगितलं."

मार्चमध्ये संघाने कॉर्डेलला मोकळं केलं. त्यावर दोन ओळींचं निवेदन आलं. मेमध्ये तो आईकडे राहायला आला, आणि रोज सकाळी शाळेच्या मैदानावर पळू लागला. कोणत्यातरी संघाचा फोन येईल म्हणून तयार राहायचं होतं. वेळ घ्यायला त्याने सरांना बोलावलं. चाळीस यार्ड पळायचं, सरांनी घड्याळ दाबायचं. उमेदीत तो हे अंतर साडेचार सेकंदांच्या आत कापायचा.

माझी फेरी मैदानावरून जाते. एक दिवस सरांना बटण वेळेवर दाबता येईना, म्हणून त्यांनी घड्याळ माझ्या हाती दिलं. कॉर्डेल पळाला. मी दाबलं. चार एकाहत्तर.

तो कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. "किती, काकू?"

मी चार एकसष्ट म्हणणार होते. दहा शतांशांनी कोणाचं काय बिघडणार होतं? पण सर माझ्या खांद्यावरून बघत होते.

"चार एकाहत्तर," ते म्हणाले. मग हळूच, "काल एकोणसत्तर होतं."

कॉर्डेलने मान डोलावली. गवतावर एकदा थुंकला. "वारा समोरून होता का?"

झाडाचं पानही हलत नव्हतं. सरांनी वर आभाळाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "थोडा होता."

"मग परत घेऊ," तो म्हणाला आणि पाय किंचित ओढत रेषेकडे चालू लागला.

फोन आला नाही. सप्टेंबरपर्यंत तो रोज मैदानावर जात होता, नंतर एक दिवसाआड, मग थांबला. आता तो शेजारच्या गावात एका गोदामात पहारा देतो आणि शनिवारी लहान मुलांना चेंडू कसा धरायचा ते शिकवतो. योलांडाच्या घरी मी अजूनही टपाल टाकते. ती खिडकीतून हात करते. मीही करते. आत जाऊन त्या रविवारी मी फोनवर काय केलं ते तिला सांगावं असं मला दर सोमवारी वाटतं, आणि दर सोमवारी माझ्या पिशवीत अजून वाटायची बरीच पत्रं असतात.