सही माझीच आहे

ती कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर हिरड्यांचा ठसा घेऊन पाठवत. ती त्यात प्लास्टर ओतायची, साचा तयार झाला की त्यावर मेण लावून एकेक दात बसवायची. परक्या मुलखात येऊन तिला सात वर्षं झाली होती आणि गावातले निम्मे म्हातारे तिच्या हातच्या दातांनी जेवत होते. "दुसऱ्यांच्या तोंडात बत्तिशी बसवतेस, आणि स्वतःच्या तोंडातून दोन शब्द निघत नाहीत," असं शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली तिला चिडवायची. इथली भाषा तिला कळायची सगळी, बोलताना मात्र जीभ अडखळायची.

प्लास्टर घट्ट व्हायला दहा-बारा मिनिटं लागत. तेवढ्यात बाकीचे चहा घेत. ती हात पुसून, डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. त्यात लपवाछपवी नव्हती आणि दिखावाही नव्हता. मालकानं ते पहिल्या आठवड्यातच पाहिलं होतं आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

त्या वर्षी सरकारचा नवा नियम निघाला. बाहेरून आलेल्या माणसानं परवाना वाढवून घेताना एका कागदावर सही करायची: मी माझा पूर्वीचा देव सोडला आहे, घरात किंवा बाहेर त्याचं नाव घेणार नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत कागद जमा झाला नाही तर परवाना रद्द. एकाचा रद्द झाला की अख्ख्या कुटुंबाचा रद्द.

मालकानं तिला सोमवारी आत बोलावलं. कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं.

"मला तुझ्या देवाशी काही घेणंदेणं नाही," तो म्हणाला. "पण परवान्याशिवाय तुला ठेवलं तर माझं दुकान बंद होईल. तुझ्यासारखा हात मला दुसरा मिळायचा नाही. कर सही."

"मला नाही जमणार."

"अगं, कागद आहे हा. कोण वाचतंय?"

"तो वाचतो," ती म्हणाली. मालकानं कपाळाला हात लावला.

घरी नणंद येऊन बसली होती. ती यांच्या आधी चार वर्षं इथं आली होती आणि नियम निघाला त्याच आठवड्यात तिनं सही करून टाकली होती. "वहिनी, सही हातानं करतात, मनानं नाही," ती म्हणाली. "देवाला काय एवढंही कळत नाही?"

"वन्सं, त्याला कळतं म्हणूनच तर पंचाईत आहे."

"बघ रे दादा, हिच्यापुढे बोलायची सोय नाही."

नवरा गुडघ्याला मलम चोळत खाली बसला होता. गोदामात खोकी उचलून त्याचा गुडघा कामातून गेला होता. तो मान वर न करता म्हणाला, "मी केली. शनिवारी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. ज्या माणसानं लग्नानंतर पहिल्या सकाळी तिच्या शेजारी बसून देवाचं नाव घेतलं होतं, तोच हा.

"रडलो बाहेर येऊन," तो म्हणाला. "पण केली. परत जाऊन आपण काय करणार? तिथं आता कोण आहे आपलं?"

मुलगी, तिला घरात सगळे चिमणी म्हणत, दारात उभी होती. यंदा तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. "आई, तुझ्या एका सहीसाठी माझी परीक्षा बुडणार?" तिनं विचारलं. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसतं विचारत होती. "मी देवाकडे मागतेय काहीतरी वाट," एवढंच आई म्हणाली.

वाट काही दिसली नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. तिनं मागायचं तेवढं मागितलं, आणि वर सगळं शांतच होतं. गुरुवारी तिनं मेण कोरायच्या तिच्या सुऱ्या पुसून कापडात गुंडाळल्या. पॉलिशवालीनं ते पाहिलं आणि आज चिडवलं नाही.

शुक्रवारी दुपार टळून गेली. ती कुणाच्या तरी वरच्या चार दातांची ओळ लावत होती. आता मालक येईल आणि ऊठ म्हणेल, याची वाट बघत होती. मालक आला तो हसतच.

"शेवटी शहाणपण सुचलं! कागद परस्पर कचेरीत दिलास, मला सांगितलंही नाहीस. दोन वर्षांचा मिळालाय."

त्यानं परवाना तिच्या हातात दिला. मागे त्या कागदाची प्रत जोडलेली होती. खाली तिचं नाव, नावाखाली सही. सहीतली वेलांटी लांब, शेपटासारखी ओढलेली. ती स्वतः कधीच तशी ओढत नसे. तशी वेलांटी घरात एकच माणूस ओढायचा.

ती उठली, अंगावरचा एप्रन काढला आणि तशीच परवान्याच्या कचेरीत गेली. रांगेत पाऊण तास उभी राहिली. काय बोलायचं ते इथल्या भाषेत मनाशी दहादा घोकलं.

खिडकीमागे चष्मेवाली बाई होती. तिनं कागद उलटसुलट बघितला. "सगळं बरोबर आहे. काय अडचण आहे?"

"ही सही... मी केली नाही."

बाईनं चष्मा काढला. आवाज खाली आणला. "नीट विचार करून बोला. खोटी सही हा गुन्हा आहे. ज्यानं केली त्याला सरळ तुरुंगात नेतील. कोणी केली?"

तिनं कागदावरच्या त्या लांब वेलांटीकडे पाहिलं.

देवाला धरून ठेवायचं तर या खिडकीत नवऱ्याचं नाव सांगायला हवं होतं. तो लंगडत पोलिसांबरोबर चाललाय हे तिला डोळ्यांसमोर दिसलं. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं मनातल्या मनात हाक मारली, देवा, आता तूच सांग. मागचा माणूस खाकरला.

"बाई, रांग थांबलीय. कोणाची आहे सही?"

"माझीच," ती म्हणाली. "माझीच आहे. मला ओळखू आली नाही."

बाईनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. तिला बहुधा सगळं समजलं होतं. तिनं परवाना हळूच परत सरकवला आणि पुढच्याला बोलावलं.

ती घरी आली तेव्हा उजेड होता. नवरा कामावरून लवकर आला होता. चिमणी मैत्रिणीकडे गेली होती. तिनं परवाना त्याच्यासमोर ठेवला.

"तुम्ही केलीत."

"हो." त्यानं मान खाली घातली. "तू धरून राहिलीस, तेवढं मला पुरे होतं. पाप माझ्या माथ्यावर येऊ दे म्हटलं. तुझं मन तर साफ राहिलं ना?"

"नाही राहिलं," ती म्हणाली, आणि कचेरीत काय झालं ते सांगितलं.

ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडत गेला. तिचं मन वाचवायला गेला होता, आणि तिच्याच तोंडून वदवून बसला होता. त्यानं तिचा हात धरला. तिलाही त्याच्यावर रागावता येईना. रागावायचं तर स्वतःवर रागावावं लागलं असतं, आणि आतून ती थकून गेली होती.

मग तो म्हणाला, "तू नाव घे त्याचं. माझ्यासाठीही घे. माझी जीभ उचलत नाही."

"माझी तरी कुठं उचलतेय?"

तरी ती भिंतीकडे तोंड करून बसली. तो उठला, खिडकीपाशी गेला. खाली अंगणात शेजारी बोलत उभे होते. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, तिनंही त्याच्याकडे पाहिलं. तो काय करणार ते तिला कळलं होतं. नको म्हणावंसं तिला वाटलं, पण ती म्हणाली नाही.

आजवर नाव घेताना कधी न लावलेली खिडकी त्यानं लावली, कडी घातली. मग तिनं ओठांतल्या ओठांत, त्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू, देवाचं नाव घेतलं.