माइकमध्ये बसलेला आत्मा

रविवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारचे लोक, वडिलांची जुनी गिऱ्हाइकं, शिवाय ज्यांचं तोंडही आम्ही कधी पाहिलं नव्हतं असे काही, सगळे चटयांवर दाटीवाटीनं बसले होते आणि टेबलावरच्या संगणकाकडे डोळे लावून होते. संगणकासमोरच्या खुर्चीत नादगुरू बसले होते. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं.

"ध्वनी मरत नाही," ते सांगत होते. "देह जातो, तरंग उरतो. तरंगाला बसायला जागा लागते. पूर्वी तो झाडावर बसायचा, आता यंत्रात बसतो. काळाप्रमाणे बदलावं लागतं."

लोकांनी माना डोलावल्या. आत्म्यानंही काळाप्रमाणे बदलावं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. एरवी अशा माणसाला मी दारातूनच वाटेला लावलं असतं. पण वडील जाऊन महिना होत आला होता, मला अजून रडूही आलं नव्हतं आणि रागही येत नव्हता. दात काढल्यावर गाल बधिर असतो, तसा मी सगळाच होतो. आईचंही तेच. ती सांगितलं की उठायची, सांगितलं की जेवायची.

चमत्कार असा होता. माझी धाकटी बहीण समुद्रसंशोधनाच्या जहाजावर डॉक्टर आहे. समुद्रात फोन लागत नाही. रविवारी दुपारी जहाजाच्या इंटरनेटवरून ती संगणकावर बोलते, एवढाच काय तो घराशी संबंध. वडील गेल्याचं तिला मी लिहून कळवलं होतं. तिला येता आलं नाही. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी तिचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला, पण आमचा तिला जाईना. मी करायचं ते सगळं केलं. माइकची वायर काढून पुन्हा खोचली, आवाज वाढवला, संगणक बंद करून चालू केला, तो बोलण्याचा प्रोग्रॅम पुसून नव्यानं टाकला. शेवटी दुकानातून नवा माइक आणला. पडद्यावरची आवाजाची हिरवी पट्टी जराशी थरथरायची, म्हणजे माइक चालू आहे. तरी बहिणीला आमचं एक अक्षर ऐकू जात नव्हतं.

तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "तुमचं काहीच येत नाहीये. नुसती टिकटिक येतेय, खूप घड्याळांची."

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. आमच्या पुढच्या खोलीत एकही घड्याळ नव्हतं. आईनं तोंडावर पदर घेतला, आणि हे ऐकायला बसलेल्या शेजारच्या काकूंनी दोन दिवसांत नादगुरूंना आणून उभं केलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमच्याकडे काडीच चालत घरात आली.

नादगुरूंनी आधी सगळं घर हिंडून पाहिलं. मागच्या बोळाच्या टोकाला वडिलांची कामाची खोली आहे, तिथं ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी निर्णय दिला की वडील माइकमध्ये बसले आहेत. आता यंत्राला कुणी हात लावायचा नाही. आईनं लेकीशी बोलायचं नाही, या यंत्रातून नाही आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्रातून नाही, कारण बायको बोलली की नवरा उठून जाईल. कामाच्या खोलीत त्यांचा एक शिष्य ध्यानाला बसेल. मला उशिराच सुचलं, पण तोच प्रोग्रॅम माझ्या फोनवर घेऊन मी तो आईपुढे धरला, म्हटलं रविवारी यावरून बोल तिच्याशी. आईनं तोंड फिरवलं. नवरा राहावा म्हणून ती लेकीला पारखी व्हायला तयार झाली होती.

तर त्या रविवारी बहिणीचा आवाज आला. नादगुरूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माइकला विचारलं, "आपण इथे सुखी आहात? असाल तर खूण द्या."

खोलीत कसलाही आवाज झाला नाही. थोड्या वेळानं स्पीकरमधून बहीण म्हणाली, "दोनदा टकटक झालं."

एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं हात जोडले. आम्हाला ऐकू न येणारा आवाज हजारो मैलांवर समुद्रात ऐकू येतो, याहून मोठा पुरावा कोणता? नादगुरूंनी पुढचा प्रश्न विचारला, घर सोडून जाणार नाही ना? पुन्हा टकटक झाल्याचं बहिणीनं सांगितलं. आईनं पदर दातांत धरून ठेवला होता.

मग बहिणीचा आवाज बदलला. रुग्णाशी बोलावं तशी ती सावकाश बोलू लागली.

"आत्ता कुणीतरी शिंकलं. त्याआधी खोकलं. बाबांची छाती मी दहा वर्षं तपासलीय. हा त्यांचा खोकला नाही, ही कुणातरी तरुण माणसाची साधी सर्दी आहे. दादा, खोलीत कुणी शिंकलं असेल तर लिही."

मी नादगुरूंच्या कोपराखालून हात घालून लिहिलं, की कुणीही शिंकलं नाही.

"मग माइक तुझ्यासमोर नाहीये," ती म्हणाली. "ऊठ, आणि घरभर भिंतींवर बोटांनी ठोकत फीर. छाती तपासतात तसं. मला आवाज आला की सांगते."

नादगुरू म्हणाले, उठू नका, तरंग तुटेल. मी उठलो. महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी करावंसं वाटत होतं. पुढची खोली ठोकली, बहीण म्हणाली, नाही. स्वयंपाकघर ठोकलं. काकूंनी दारातून ओरडून सांगितलं, नाही म्हणतेय. आई माझ्या मागोमाग येत होती. बोळ संपला, मी कामाच्या खोलीचं दार ठोकलं आणि पुढच्या खोलीत एकदम गलका झाला, आलं म्हणतेय, आलं!

दार उघडलं. वडिलांच्या स्टुलावर शिष्य बसला होता, कानात फोनची वायर, एका हातात नाक पुसायला रुमाल आणि दुसऱ्या हातात वडिलांची छोटी हातोडी. भिंतीवर गिऱ्हाइकांची न नेलेली घड्याळं सेलवर चालत होती. आणि टेबलाच्या वर, छताच्या हुकाला बांधलेला, एक माइक लोंबकळत होता.

वडील शेवटच्या वर्षात संगणकावरून दोघातिघांना घड्याळदुरुस्ती शिकवत होते, हे मला ठाऊक होतं. घड्याळाच्या यंत्राचा आवाज शिकणाऱ्याला नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी भिंतीला भोक पाडून इथवर लांब वायर ओढली होती, हे ठाऊक नव्हतं. ते गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना बसता यावं म्हणून आम्ही संगणकाचं टेबल सरकवलं होतं. पुढच्या माइकची वायर तेव्हा निसटली असणार. तो सापडेना, म्हणून संगणकानं हा दुसरा धरला आणि पुढं तोच धरून ठेवला. कोणता माइक वापरायचा याची यादी मी एकदाही उघडली नाही, कारण घरात माइक एकच, असं मी धरून चाललो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जे मला दिसलं नाही, ते नादगुरूंना पहिल्याच फेरीत दिसलं होतं.

नादगुरूंनी हार मानली नाही. आत्म्याला माध्यम लागतं, शिष्य हे माध्यमच, असं काहीतरी ते दारातून बोलत राहिले. काही लोक त्यांच्याबरोबर गेले. म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं भिंतीवरून आपलं घड्याळ मागून घेतलं आणि मान खाली घालून तोही गेला.

"म्हणजे ते नव्हते," आई म्हणाली.

"नव्हते, आई. घड्याळं होती."

तिनं ते स्टूल टेबलाखाली सरकवलं. तिचा आधार मी काढून घेतला होता आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय हे जाणवून हायसंही वाटलं.

पुढच्या खोलीत येऊन मी ती यादी उघडली. दोन नावं होती. वरचं निवडलं आणि आईला खुर्चीत बसवलं. आई माइककडे पाहत होती.

"बाबा गेले गं," ती म्हणाली.

"हो आई," बहीण म्हणाली. "ऐकू येतंय."

मग दोघी रडल्या, आणि मीही.

नादगुरू अजून कुणाच्या ना कुणाच्या पुढच्या खोलीत बसत असतील. तुमच्याकडे आले तर त्यांच्याशी तरंगांवर वाद घालू नका, तिथं ते तुम्हाला हरवतील. वायर कुठे जाते ते पाहा. बंद खोलीत कोण बसलंय ते पाहा. आणि कुणी म्हणालं की हात लावू नका, बोलू नका, तर का, एवढं विचारा. वडील गेले हे लेकीला सांगायला माझ्या आईला महिनाभर थांबावं लागलं. तेवढ्यासाठी तरी विचारा.