पहिल्या थांब्याचा चाप

मित्रांनो, मी एक जुना चाप आहे. बोल्ट मागे ओढून काडतूस भरायच्या रायफलीत जिथे बोट टेकतं, तो पोलादाचा वाकडा तुकडा म्हणजे मी. मला डोळे नाहीत. मला फक्त बोट कळतं आणि माणसांचं बोलणं ऐकू येतं. त्यामुळे माझ्या बाबतीत काय काय झालं ते मी सांगू शकतो, पण का झालं म्हणाल, तर माझाच गोंधळ आहे. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि एक स्वभाव दिला. मला दाबलं की मी जरासा मागे सरकतो आणि अडतो. हा माझा पहिला थांबा. तिथून पुढे चांगला जोर लावला तरच बार उडतो.

चौलच्या बाहेर, खाडीच्या अंगाला बुधाजींची भातशेती आहे. दाणा भरला की तिथे रानडुकरं उतरतात आणि उभं पीक लोळवून जातात. पिकाच्या राखणीसाठी बुधाजींना परवाना मिळाला आणि मी त्यांच्या घरी आलो. बहुतेक वेळा हवेत एक बार काढला की भागायचं. पण बांधावर काही हललं की बुधाजी मला पहिल्या थांब्यापर्यंत दाबत आणि तसाच धरून ठेवत. समोर काय आहे ते ओळखायचं, मगच पुढचं, ही त्यांची रीत.

एकदा मला असाच धरून ठेवलेला असताना समोरचं डुक्कर चक्क हंबरलं. ती शेजारच्या हरेश्वरची म्हैस निघाली. हरेश्वर कितीतरी दिवस ही गोष्ट सांगून हसायचा. बुधाजींनी मात्र मला खोबरेल लावून पुसलं आणि म्हणाले, "गुणाचा हाय माजा चाप." खोबरेलाने मी चिकट होतो, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

मग दिवस बदलले. बुधाजींचं बोट सुजू लागलं. सकाळी ते वाकायचंच नाही. त्यांचा मुलगा अल्पेश डंपर चालवतो, घरी क्वचित असतो. त्याला रायफलीची भारी हौस. तिचा दस्ता त्याने नवा करून घेतला, पट्टा बदलला. जुना असा मीच उरलो होतो.

"बाबा, गेल्या साली डुकरांनी अर्धा शेत खाल्ला," तो म्हणाला. "तुमचा बोट चालत न्हाय नि चाप दगडावानी जड हाय. हलका बसवू. नुसता टेकवला की काम झाला."

मित्रांनो, मी चक्रावलो. जो जडपणा इतकी वर्षं गुण होता, तो एकाएकी दोष कसा झाला? मी तर होतो तेवढाच जड होतो.

बंदुका दुरुस्त करायचा परवाना असलेला कारागीर अनंता घरी आला. त्याने तीन नवे चाप आणले होते. मला काढून बशीत ठेवलं. चहाची बशी होती, अजून ओलसर. पहिला चाप फार हलका. दुसऱ्याला स्क्रू होता, हवा तसा जड-हलका करायला. तिसरा मधलाच. अल्पेशने मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. एकात हलका चाप उत्तम म्हणत होते, दुसऱ्यात तोच धोक्याचा. सगळ्यांच्या डोक्याचा नुसता भुगा झाला.

"दुकानात मधला जास्त खपतो," अनंता म्हणाला. "पण काकांचं बोट बघता मीही नक्की सांगू शकत नाही."

शेवटी अल्पेशने सर्वात हलका निवडला. अनंताने तो बसवला, रायफल रिकामी आहे याची खात्री केली आणि बुधाजींच्या हातात दिली. "बांधावर धरता तशीच धरून बघा."

तिन्हीसांज झाली होती. बुधाजी अंगणाच्या कडेला गेले. वाडीत माडांखाली काहीतरी काळं, वाकलेलं हलत होतं, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी बशीत पडल्या पडल्या मी फक्त एक आवाज ऐकला. टक.

मग ठमाबाईंचा आवाज आला. बुधाजींच्या त्या बायको. "मी हाय. झावल्या गोला करतंय."

गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन ठमाबाई आल्या आणि झावळ्यांचा भारा धप्पकन टाकला.

"मी थांबलू होतू रं," बुधाजी म्हणाले. "पयल्या थांब्यावर थांबलू होतू. ह्याला थांबाच न्हाय."

"बाबा, रिकामी होती," अल्पेश हळूच म्हणाला.

"आज होती."

त्यांनी अनंताला मलाच परत बसवायला सांगितलं. मी आनंदलो. खोटं कशाला बोलू, मला माझा मोठा विजय वाटला.

थोड्याच दिवसांत निवडणूक लागली. अशा वेळी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आम्हीही दर वेळी जातो आणि परत येतो. या वेळी निवडणूक संपली, ज्याने त्याने आपापली बंदूक नेली. माझ्याकडे कोणी आलं नाही. हरेश्वर त्याची बंदूक न्यायला आला, तेव्हा हवालदाराने त्याला विचारलं, "बुधाजी का आले नाहीत?"

"ते आता न्हाय नेनार. दोगं नवराबायको बांधावर बसून डबा बडवतान. डुकरा थोडा खातान, थोडा ऱ्हातो. बुधाजी बोलला, चाप बेस हाय, डोलंच गेलं. बायकू नि डुक्कर वलकाय येत न्हाय."

मित्रांनो, मी अजून त्याच विचारात आहे. मी चांगला होतो, तर मला सोडलं का? डोळ्यांचं काम इतकी वर्षं मीच करत होतो की काय? मला काही नक्की कळत नाही. तरी तुम्हाला एक विनंती करतो. थांबायचं काम कधी माझ्यासारख्या पोलादाच्या तुकड्यावर सोपवू नका. ते आपल्याच हातात ठेवा.

एक मात्र पक्कं आठवतं. ठाण्यात देताना बुधाजींनी मला शेवटचं पुसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं बोट माझ्यावर टेकलं नाही. ते माझ्याभोवतीच्या लोखंडी कडीवर, बाहेरच राहिलं.