घड्याळजीचे कडे

तांब्याचे कडे मनगटात घातल्यावर बाराव्या दिवशी घड्याळजीच्या हातांचा कंप थांबला.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ते कडे देणाऱ्या कडेबाबांनी त्याला मंचावर बसवून चिमट्यात मोहरीएवढा स्क्रू दिला. स्क्रू पहिल्याच झटक्यात घड्याळात जागी बसला आणि लोक उठून उभे राहिले.

"सहा वर्षं डॉक्टरांनी याचं रक्त गढूळ केलं. कड्यानं गाळलं. गोळी आणि कडं एका देहात नांदत नाहीत, बरं का," बाबा म्हणाले.

तांबे रक्त गाळते हे कुणी मोजून पाहिले, असे विचारायला तिथे कुणी आले नव्हते. घड्याळजीच्या धाकट्या बहिणीनेही टाळ्या वाजवल्या. भावाच्या कानातले आवाज बंद करणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या सहा वर्षे तीच त्याच्या तळहातावर ठेवत आली होती. कडे चढले त्या दिवशी तिनेच गोळ्यांची डबी माळ्यावर टाकली होती.

दोन महिन्यांनी एक गिऱ्हाईक दुकानात आले. "ताई, मी नुसता पट्टा बदलायला दिला होता. हे काय लिहिलंय?"

दुरुस्तीच्या चिठ्ठीवर सुबक अक्षरात होते: 'हे ऐकते. झाकण उघडू नये.'

बहिणीने चिठ्ठ्यांच्या दुकानात राहिलेल्या साऱ्या स्थळप्रती तारखेने लावल्या. कड्याआधी अक्षर थरथरते, मजकूर नेटका: 'काच बदलली.' बाराव्या दिवसापासून अक्षर सरळ, मजकूर नेटका. सभागृहातल्या टाळ्या याच दिवसांतल्या. सहाव्या आठवड्यापासून अक्षर तसेच सरळ. मजकूर मात्र घसरत गेलेला.

भाऊ घड्याळे फडक्यात गुंडाळत होता.

"दादा, हात कापतात हे डॉक्टरांना कधी बोललास?"

"हळू बोल. भिंतीवरची सगळी ऐकतात." मग आणखी एक घड्याळ गुंडाळत, "आवाज येतात का, झोप लागते का, एवढंच विचारायचे. हातांचं कुणी विचारलं नाही. तूही नाहीस."

त्याला दवाखान्यात न्यायला तिला नऊ दिवस लागले. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठ्या दोनदा वाचल्या आणि मान खाली घालून दुसरे औषध लिहिले.

"कडं काढू का?" बहिणीने विचारले.

"राहू द्या. ते काहीच करत नाही, एवढाच त्याचा गुण."

कंप गोळीचा होता. ती सुटताच काही दिवसांत ओसरला. आजार गोळीने दाबलेला होता. त्याला परतायला आठवडे लागले. मधल्या उसंतीला लोकांनी चमत्कार म्हटले. औषधाचा त्रास डॉक्टरला सांगावा, औषध बदलता येते. आणि घरच्यांनी गोळी घेतलीस का विचारताना, ती घेऊन काय होते, हेही विचारावे.