पालखीची होडी

"गायला म्होरं आपण, आन् बसायला पार मागं, जितं सारवण ओलं तितं," रंगूबाई आनंदीबाईच्या कानाशी पुटपुटली आणि लुगडं आवरून पुन्हा तिथंच बसली.

शाळेच्या पडवीत जत्रेची सभा भरली होती. खारबावच्या पुढं, खाडीतलं ते बेट. घरं चाळीस, गावदेवी एक आणि पैलतीरी न्यायला होडीही एकच. चैत्रात ती होडी धुवायची, नारळ फोडायचा, देवीची पालखी तिच्यात बसवायची आणि भरतीच्या पाण्यावर बेटाला फेरी घालायची. होडीत बसून आनंदीबाईनं गाणी सांगायची, बायकांनी ती झेलायची. त्या दिवशी होडीत अडलेली बाई बसवायची नाही. का, तर विटाळ!

सभेचा म्होरक्या केसरीनाथ भिवंडीत लूमवर शिफ्ट करायचा. यंदा शहरातून बँजो पार्टी आणू, भोंगा लावू, असं तो सांगत होता. मंगळ्या कातकरी पडवीखाली उन्हात उकिडवा बसला होता. मांडवाच्या मेढी त्यानंच तोडायच्या होत्या, म्हणून त्याला बोलावलं होतं. वर ये, असं कुणी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात म्हातारी सुईण पुतळाबाई उठली. यंदा होडी फेरीला नेऊ नका, अडीनडीला धक्क्याला राहू द्या, म्हणाली.

"देवीच्या होडीला इटाळ चालायचा न्हाय, आजी," केसरीनाथ म्हणाला.

"देवी बाय हाय ना रं? मंग तिला बाळंतपणाचा कसला इटाळ? तू काय शेवग्याच्या शेंगंतून निघालास?"

दोघी-तिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. कारण सगळ्यांना सखी आठवली. मंगळ्याची बायको. गेल्या जत्रेला ती सकाळपासून अडली होती. तिला भिवंडीच्या दवाखान्यात न्या, असं पुतळाबाईनंच सांगितलं. मंगळ्यानं तिला खाटेवर घालून धक्क्याला आणलं, तेव्हा होडी नुकतीच सुटली होती. ती फेरी घालून परतेस्तोवर ओहोटी लागली, धक्क्याला नुसता चिखल उरला. सखी त्या खाटेवरच गेली, पोटातल्या जिवासकट.

तेव्हापासून गावानं एक वाक्य धरलं होतं. केसरीनाथनं आताही तेच म्हटलं, की वाद्यांच्या गलक्यात होडीतल्या कुणाला मंगळ्याची हाक ऐकूच आली नाही, नाहीतर माणुसकी काय आपल्याला नाही? माना डोलल्या. आनंदीबाईचीही डोलली, सवयीनं. आपणा सगळ्यांना अशी एकेक सवय असते. ती माणसाला मारते आणि आपल्याला झोप लागू देते.

मंगळ्या उभा राहिला. वर्षभरात तो या गोष्टीवर पहिल्यांदाच बोलत होता, आणि तेही खाली बघत.

"माजंच चुकलं, दादा. मी वरडलो, पन माजा आवाज कमी पडला. म्होरं पान्यात शिरून वरडाया पायजे व्हतं. रोज वाटतं, जरा अजून जोरात वरडलो आसतो तं सखी वाचली आसती."

केसरीनाथ वहीत बघत राहिला. रंगूबाईनं आनंदीबाईचा पदर धरून ठेवला, कारण आनंदीबाई उठत होती. तिनं पदर सोडवला. सगळ्या पुरुषांच्या मधून ती पडवीच्या कडेला आली आणि मंगळ्यासमोर पायरीवर बसली.

"यंदा पालखी पायी फिरंल. होडी धक्क्याला ऱ्हाईल, न्हायतर मी गानार न्हाय," ती म्हणाली. "देवाच्या नावानं मानसाला मरू देनं, ह्याच्यापरास मोठा इटाळ न्हाय."

मग तिचा आवाज खाली आला.

"तुजा आवाज कमी न्हाय पडला, मंगळ्या. पयल्याच हाकंला माज्या कानावर आला. मी गानं चढवलं ते त्यो झाकाया. बायकांनी झेललं तेबी त्येच्यासाटीच. आमाला समद्यांना ऐकू आलं व्हतं."