पाववाल्याचा प्रोग्राम

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, लावा पैज हवी तर. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो पाववाला इथेच बायकोशेजारी बसलाय. त्याला विचारून उपयोग नाही. तो नुसता मान खाली घालतो. पण घडलं ते घडलं, त्याला कोण काय करणार?

झालं असं, की पाववाल्याच्या बायकोची बदली झाली. ती नर्स. नव्या शहरात हॉस्पिटलच्या मागे दोन खोल्या मिळाल्या. पाववाल्याला मात्र काम मिळेना. तिथे पाव यंत्रंच मळत, यंत्रंच भाजत, आणि माणसं नुसती बटणं दाबत. मग आपण बटणांचंच शिकावं, असं त्याच्या मनाने घेतलं. तरुणपणी कॉम्प्युटरचं शिक्षण अर्धवट टाकून तो थोरल्या भावाच्या भट्टीवर जाऊन बसला होता. आता डोक्यावर टक्कल आणि पाठीवर सॅक अशा थाटात स्वारी पुन्हा विद्यापीठात दाखल झाली. पहिल्या दिवशी अख्खा वर्ग उठून उभा राहिला. पोरांना वाटलं, सर आले.

थोरल्या भावाने फोनवर ऐकवलं, "वर्षभर घे हौस भागवून. नापास झालास की गपचूप परत यायचं. भट्टीवर माणूस कमी आहे."

"बरं दादा," पाववाला म्हणाला. दादाला नाही म्हणायला त्याची जीभ कधी वळलीच नव्हती. त्यामुळे पास होण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

वर्षाअखेरीस प्रॅक्टिकल आलं. प्रश्न सोपा होता: नावांची एक यादी अक्षरांच्या क्रमाने लावून दाखवा. पाववाल्याने प्रोग्राम लिहिला, सुरू केला आणि हाताची घडी घालून बसला. यंत्राने कुठे थांबायचं, तेवढं लिहायचं राहून गेलं होतं. ते बिचारं पहिल्या दोन नावांची अदलाबदल करत बसलं. खाली-वर, खाली-वर.

शेजारची पोरगी कुजबुजली, "काका, अडकलंय तुमचं. बंद करा आणि नीट तपासा."

"अडकलं नाही गं, फुगतंय," पाववाला म्हणाला. "आत्ता उघडलं तर बसेल ना सगळं!"

"काका, हा पाव नाहीये."

"तू तुझं बघ. घाई करणाऱ्यांचे पाव कच्चे राहतात."

सारा जन्म भट्टीपुढे गेलेला माणूस. मधेच दार उघडायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. बाकीची पोरं चुका काढून, दुरुस्त करून मोकळी झाली. हा आपला समाधी लावून बसलेला.

आणि इथून पुढे ऐका. यंत्र तापलं. इतकं तापलं, की खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली. पोरांनी स्वेटर काढून खुर्च्यांना लटकवले. परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी गार झालेला चहा यंत्रावर ठेवला, तर त्याला उकळी फुटली. मग खरपूस वास सुटला, आणि शेजारच्या लायब्ररीतली माणसं नाकं वर करून दारात गोळा झाली. "कुठे भाजताय? आम्हाला पण ठेवा," असं म्हणू लागली.

"काका, वेळ संपली," मॅडम म्हणाल्या. मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या.

"आलंच, मॅडम. रंग धरतोय."

एवढ्यात यंत्राने मोठ्ठा सुस्कारा टाकला आणि पडद्यावर यादी उमटली. एकेक नाव जागच्या जागी! मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले. पाववाला वर्गात पहिला आला, मिरवणूक तेवढी निघायची राहिली—

"मामा, पुरे!" इतका वेळ ओठ आवळून बसलेली पाववाल्याची बायको माझ्यावर कडाडली. "धडधडीत खोटं बोलताय! जे थांबतच नाही, त्यातून यादी बाहेर येईलच कशी? मॅडमनी यंत्र बंद केलं आणि हे नापास झाले. पुन्हा पहिल्या वर्षाला बसलेत. नापास झाले त्याच संध्याकाळी दादांना फोन केला आणि 'मी येत नाही' म्हणाले. मी बाजूलाच उभी होते. विश्वास बसू नये असं तेवढं एकच घडलं, आणि नेमकं तेच तुम्ही गाळलंत!"